टू-व्हील पिकअपला फोर-बाय-फोर करायचं आहे? आधी दात मोजा, मग पाना उचला

पिकअपला पुढची हाऊसिंग (चाकांना जोर पोचवणारे गिअर असलेला आडवा लोखंडी सांगाडा) बसवून देणारा मिस्त्री तालुक्याच्या गावी सापडतो. बसवण्याआधी पुढच्या-मागच्या क्राऊन-पिनियनचे (हाऊसिंगमधल्या मोठ्या आणि छोट्या गिअरच्या जोडीचे) दात मोजणारा, "आधी आरटीओत विचारून या" म्हणणारा आणि गाडी काट्यावर चढवून बघणारा मात्र शोधावा लागतो. काम बिघडतं ते बहुतेक याच तीन ठिकाणी. म्हणून या लेखात गाडी खोलण्याआधीच्या तयारीला जास्त जागा दिली आहे. ज्यांनी कधी फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनचा जोर मिळणाऱ्या, गाडीखाली डोकावूनही पाहिलं नाही, पण वावरात दर पावसाळ्यात गाडी फसते म्हणून ज्यांच्या मनात हा विचार घोळतो आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

खरंच गरज आहे का?

आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. झड लागली की ती टायरच्या खाचांत भरते आणि खोल नक्षीचा टायरही दोन-चार फेऱ्यांत गुळगुळीत होतो. अशा टायरला फोर-बाय-फोर केल्याने एवढंच होतं की आधी दोन चाकं जागेवर फिरायची, आता चारही फिरतात. त्यामुळे पहिला खर्च टायरवर. खाचा रुंद असलेला, फिरताना माती स्वतःच फेकून देणारा टायर मागच्या दोन चाकांना लावून एक पावसाळा काढा.

दुसरी गोष्ट वजनाची. रिकाम्या पिकअपच्या मागच्या चाकांवर वजनच नसतं, आणि जोर मात्र त्याच चाकांना. वावरात रिकामी गाडी नेताना डाल्यात, मागच्या हाऊसिंगच्या बरोबर वर, रेतीची सात-आठ पोती ठेवून बघा. पोती दोराने बांधा, नाहीतर ब्रेक लावताच ती केबिनवर येतात.

तिसरी गोष्ट रस्त्याची. गाडी दरवर्षी पांदणीच्या त्याच दोनशे मीटरच्या पट्ट्यात फसत असेल, तर गाडीवर खर्च करण्याआधी त्या पट्ट्यावर मुरूम टाकण्याचा हिशेब करा. धुऱ्याला लागून वावर असलेले चार कास्तकार मिळून वर्गणी काढू शकतात, ग्रामपंचायतीकडून पांदण रस्त्याचा प्रस्तावही जाऊ शकतो. मुरमाचा फायदा बंडीलाही होतो आणि ट्रॅक्टरलाही.

एवढं करूनही भागत नाही अशी ठिकाणं विदर्भात आहेत, हे मला पक्कं ठाऊक आहे. धारणी-चिखलदऱ्याकडचे चढ, एटापल्ली-भामरागडकडचे जंगलातले कच्चे रस्ते, वर्धा आणि पैनगंगेच्या काठची गाळाची वावरं, परतीच्या पावसानंतर आंबिया बहाराची तोड सुरू होते तेव्हाच्या वरूड-मोर्शीच्या संत्राबागा. बागेतून भरलेले क्रेट बाहेर काढायचे असतात आणि ओळींच्या मधून ट्रॅक्टर-ट्रॉली वळत नाही, तेव्हा फोर-बाय-फोर पिकअपला तोड नाही.

तरीही एक प्रश्न स्वतःला विचाराच: आहे ती गाडी विकून कंपनीचीच फोर-बाय-फोर जुनी गाडी का घेऊ नये? बोलेरो कॅम्पर आणि टाटा योद्धा या गाड्या फोर-बाय-फोर प्रकारातही आल्या आहेत, इसुझूच्या पिकअपमध्येही दोन्ही प्रकार आहेत. बदलाचा सगळा खर्च, महिनाभर गाडी उभी राहण्याचं भाडं आणि कागदपत्रांची धावपळ एका कागदावर लिहा. दुसऱ्या बाजूला दोन जुन्या गाड्यांच्या किमतीतला फरक लिहा. माझं मत विचाराल तर दहातल्या सात जणांनी गाडी बदलावी, हाऊसिंग नव्हे. बदल त्यांनी करावा ज्यांच्या गाडीचं इंजिन आणि चेसिस उत्तम आहे आणि ज्यांना त्याच मॉडेलच्या फोर-बाय-फोर गाडीचा पूर्ण सेट मिळतो आहे.

कागद आधी

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की कंपनीने गाडी जशी मंजूर करून घेतली, आरसीवर जशी नोंद आहे, त्याच्याशी जुळणार नाही असा बदल मालकाने करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट शब्दांत सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने १८२-अ हे कलम आलं. परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

यावरून घाबरून जाऊ नका, पण अंदाजावरही चालू नका. गाडीचा नंबर ज्या कार्यालयाचा, मग ती एमएच २७ अमरावतीची असो, २९ यवतमाळची की ३४ चंद्रपूरची, त्या कार्यालयात लेखी अर्ज द्या. त्यात गाडीचं मॉडेल, चेसिस नंबर, कोणत्या मॉडेलचे कोणते भाग बसवणार, ते भाग त्याच कंपनीचे आहेत का, हे सगळं लिहा. पोच घ्या आणि उत्तरही लेखीच घ्या. "चालतं, करून टाका" हे खिडकीवरचं तोंडी उत्तर पासिंगच्या दिवशी कामी येत नाही. व्यावसायिक पिकअपला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस घ्यावं लागतं, म्हणजे गाडी निरीक्षकाच्या नजरेखाली जाणारच. उत्तर नकाराचं आलं, तर हा विषय तिथेच थांबवा आणि गाडी बदलण्याच्या पर्यायाकडे वळा. विनापरवानगी बदललेली गाडी रस्त्यावर आणायचा सल्ला मी कोणालाही देणार नाही.

विमा कंपनीलाही लेखी कळवा. न कळवता केलेला बदल अपघातानंतर सर्व्हेअरच्या अहवालात येतो आणि दावा अडकतो. समोरच्याला इजा झाली असेल तर मग वावर विकायची वेळ येते.

गाडीखाली जाऊन काय बघायचं

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा आणि टॉर्च घेऊन पुढच्या बाजूने खाली जा. पुढची दोन चाकं एका आडव्या लोखंडी दांड्याने जोडलेली असून तो दांडा पाट्यांवर (पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) बसवलेला दिसला, तर तुमचं काम सोपं आहे. तो दांडा काढायचा आणि त्या जागी डिफरन्शल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरचा संच) असलेली हाऊसिंग बसवायची, असा सरळ हिशेब असतो. पाट्यांचे हँगर त्याच जागी राहण्याची शक्यता असते.

दोन्ही चाकं वेगवेगळ्या आर्मवर सुटी हलत असतील, मध्ये कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार असेल, तर काम दुप्पट अवघड. तिथे डिफरन्शल चेसिसला टांगावं लागतं आणि दोन्ही बाजूंना सीव्ही जॉइंटचे (चाक वळलं, उसळलं तरी फिरत राहणाऱ्या सांध्याचे) शाफ्ट द्यावे लागतात. नकल (चाक वळवणारा सांधा), हब, खालचा आर्म आणि कधी कधी पुढचा क्रॉस मेंबरही (चेसिसच्या दोन बाजू जोडणारा आडवा तुकडा) बदलावा लागतो. काही जण ते सगळं कापून टाकतात आणि पाट्यांची हाऊसिंग बसवतात. त्यात स्टिअरिंगचं गणित नव्याने मांडावं लागतं. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये.

आणखी तीन जागा बघून ठेवा. इंजिनचा सम्प (खालची तेलाची टाकी) कुठे आहे: पुढची हाऊसिंग वर उसळली की ती सम्पला लागता कामा नये. सायलेन्सरचा पाइप कोणत्या बाजूने जातो: पुढचा जॉइंट शाफ्ट (हाऊसिंगपर्यंत जोर नेणारा फिरता दांडा) त्याच बाजूने जाणार असेल तर पाइप वळवावा लागेल. आणि गिअरबॉक्सखालचा क्रॉस मेंबर बोल्टचा आहे की रिबिटचा.

गाडी बीएस-६, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची असेल तर माझा सल्ला थेट आहे: हात लावू नका. त्या गाडीत स्पीड सेन्सर, एबीएस आणि इंजिनचा कंप्युटर एकमेकांशी बोलत असतात. गिअरबॉक्स बदलला की वेगाचा सिग्नल चुकतो आणि डॅशबोर्डवर एकामागून एक दिवे लागतात. तालुक्याच्या गॅरेजात ते सुटत नाही.

पूर्ण सेट, एकाच गाडीचा

सगळे भाग एकाच गाडीतून घ्या, आणि ती गाडी तुमच्याच मॉडेलची फोर-बाय-फोर असू द्या. हाऊसिंग एका गाडीची, ट्रान्सफर (गिअरबॉक्सचा जोर पुढे-मागे वाटणारी पेटी) दुसऱ्याची, शाफ्ट तिसऱ्याचा असा मेळ स्वस्तात बसल्यासारखा वाटतो आणि मग लेथवाल्याकडे अॅडॉप्टर बनवण्यात सगळी बचत जाते. गावोगावी विलीज घराण्याच्या जुन्या जीपचं सामान सहज मिळतं म्हणून ते घेण्याचा मोह होतो. पण त्या ट्रान्सफरचा मागचा शाफ्ट मधोमध निघत नाही, एका बाजूला सरकलेला असतो, कारण जीपची मागची हाऊसिंगही तशीच असते. तुमच्या पिकअपचं मागचं डिफरन्शल मधोमध असेल तर जॉइंट शाफ्ट तिरका जाईल आणि त्याचे क्रॉस (टोकांचे सांधे) टिकणार नाहीत.

कबाड्याकडून काय काय उचलायचं? गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर जोडलेले तसेच, सुटे करून नव्हे. पुढची हाऊसिंग या हबपासून त्या हबपर्यंत, ब्रेकसकट. पुढचे पाटे, शॅकल, यू-बोल्टच्या प्लेटा. दोन्ही जॉइंट शाफ्ट. गिअरबॉक्सखालचा क्रॉस मेंबर आणि रबरं. ट्रान्सफरचा लिव्हर त्याच्या सगळ्या लिंकेजसह. ड्रॅग लिंक, टायरॉड (स्टिअरिंगचे दांडे). स्पीडोमीटरची केबल किंवा सेन्सर. आणि फोर-बाय-फोरचा दिवा लावणारा छोटा स्विच त्याच्या वायरसकट. तो कबाड्याकडे विसरला जातो आणि मग लिव्हर पूर्ण बसला की नाही हे कळायला मार्ग उरत नाही.

पक्कं बिल घ्या. ज्या गाडीचं सामान आहे तिच्या आरसीची प्रत आणि चेसिस नंबर बिलावर असू द्या. चोरीच्या गाडीचा गिअरबॉक्स तुमच्या गाडीत सापडला तर उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

सामान तपासताना ट्रान्सफरचा तेलाचा बोल्ट खोला आणि बोटावर तेल घ्या. दुधाळ पांढरं तेल म्हणजे आत पाणी गेलेलं आहे. बोटाला चमचम कणी लागली तर बेअरिंग किंवा गिअर झिजलाय. हाऊसिंगचा पिनियन हाताने फिरवा: किंचित ढिलाई असते, पण कटकट वाजून अडकत असेल तर ती हाऊसिंग सोडून द्या.

दात मोजणं

इथे घाई करायची नाही. पार्ट-टाइम, म्हणजे गरजेपुरतं लिव्हरने लावायच्या, फोर-बाय-फोरमध्ये ट्रान्सफर पुढच्या आणि मागच्या जॉइंट शाफ्टला एकसारखेच फेरे देतं. म्हणून पुढच्या आणि मागच्या हाऊसिंगचं क्राऊन-पिनियनचं प्रमाण एकच असलं पाहिजे. क्राऊनला ४१ दात आणि पिनियनला १० म्हणजे ४.१०. दुसऱ्या हाऊसिंगला ४३ आणि ११ असतील तर ३.९१. आकडे जवळचे वाटतात, पण मागे ४.१० आणि पुढे ३.९१ असेल तर मागची चाकं शंभर मीटर जाताना पुढची चाकं सुमारे पाच मीटर जास्त पळू बघतात. चिखलात टायर घसरून तो फरक निघून जातो. मुरमाच्या रस्त्यावर तो निघत नाही, आणि क्रॉस, ट्रान्सफर, पिनियन यांच्यावर ताण साठत जातो. शेवटी काहीतरी तुटतं.

मागच्या हाऊसिंगचं प्रमाण न खोलता असं मोजा. पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगडाची ओट लावा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. मागचं एकच चाक उचला आणि खाली घोडी (लोखंडी स्टँड) लावा, दुसरं जमिनीवर राहू द्या. टायरवर आणि जॉइंट शाफ्टवर खडूने एकेक रेघ मारा. उचललेलं चाक हाताने बरोबर वीस फेरे फिरवा. एकाने चाक फिरवायचं, दुसऱ्याने शाफ्टचे फेरे मोठ्याने मोजायचे. दुसरं चाक थांबलेलं असल्यामुळे चाकाच्या वीस फेऱ्यांत क्राऊनचे दहाच फेरे होतात. शाफ्टचे आलेले फेरे दहाने भागा. ४१ आले तर ४.१०, ३९ च्या किंचित पुढे आले तर ३.९१. डिफरन्शल साधं असेल तरच ही रीत चालते. लॉक किंवा लिमिटेड स्लिपचं (दोन चाकांना वेगवेगळं फिरण्यापासून अडवणारं) असेल तर दोन्ही चाकं उचला, दोन्ही एकत्र दहा फेरे फिरवा आणि शाफ्टचे फेरे दहानेच भागा.

कबाड्याकडच्या हाऊसिंगवर पत्र्याची पट्टी किंवा ठसा असला तरी विश्वास ठेवू नका, आतला सेट कोणीतरी बदललेला असू शकतो. तिथेही फेरे मोजा. प्रमाण जुळत नसेल तर दोन मार्ग: त्याच गाडीची मागची हाऊसिंगही घ्या, किंवा एका हाऊसिंगमध्ये जुळणारा क्राऊन-पिनियन बसवा. दुसऱ्या मार्गाने गेलात तर बॅकलॅश (दातांमधली ढिलाई) आणि दातांचा ठसा बघून बसवणारा जाणकार मिस्त्रीच हवा.

आणि टायर. चारही एकाच मापाचे, एकाच कंपनीचे, झीज जवळपास सारखी. पुढे नवे आणि मागे गोटा झालेले टायर म्हणजे प्रमाण जुळवून केलेली मेहनत पुन्हा पाण्यात.

प्रत्यक्ष काम

सुरू करण्याआधी गाडी जिनिंगच्या काट्यावर न्या. पूर्ण गाडी, फक्त पुढची चाकं, फक्त मागची चाकं, असं तीनदा वजन करून चिठ्ठ्या जपून ठेवा. काम झाल्यावर पुन्हा करा. ट्रान्सफर, हाऊसिंग आणि जादा शाफ्टमुळे गाडीचं स्वतःचं वजन वाढतं. आरसीवरचं एकूण वजन मात्र तेवढंच राहतं, म्हणून वाढलेले किलो मालातून वजा करावे लागतात. कापसाच्या हंगामात हे लक्षात ठेवायला जड जातं, पण ठेवा. सपाट जागी चारही कोपऱ्यांत चेसिसची जमिनीपासूनची उंचीही मोजून लिहा आणि खालून भरपूर फोटो काढा.

बॅटरीची तार काढा, तेलं उतरवा. गाडी घोड्यांवर चढवा, नुसत्या जॅकवर सोडून कोणीही खाली जाऊ नये. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर मिळून दोन माणसांना पेलत नाही, चेन पुली किंवा गिअरबॉक्सचा जॅक लावा.

जुना गिअरबॉक्स उतरल्यावर नवा लगेच चढवू नका. बेल हाऊसिंगची भोकं इंजिनला जुळतात का, इनपुट शाफ्टच्या खाचा तुमच्या क्लच प्लेटमध्ये बसतात का, शाफ्टचं टोक पायलट बेअरिंगमध्ये जातं का, हे जमिनीवरच बघा. गिअरबॉक्स उतरलाच आहे तर क्लच प्लेट आणि रिलीज बेअरिंग आत्ताच बदलून टाका. दुसऱ्यांदा हे सगळं कोणी खोलत नाही.

मग क्रॉस मेंबर. बऱ्याच कंपन्या दोन्ही प्रकारांना एकच चेसिस वापरतात, तेव्हा फोर-बाय-फोरची भोकं आधीच पाडलेली सापडू शकतात. मळ खरवडून शोधा. नसतील तर चेसिसच्या उभ्या भागात भोकं पाडून ८.८ किंवा १०.९ ठसा असलेल्या बोल्टने बसवा. वरच्या-खालच्या आडव्या पट्टीला भोक पाडू नका, तिथूनच चेसिस चिरते. वेल्डिंग टाळता येईल तेवढं टाळा. ट्रान्सफरच्या लिव्हरसाठी केबिनच्या तळाचा पत्रा कापावा लागतो. कापलेल्या कडेला रंग आणि रबर लावा, नाहीतर पावसाळ्यात तिथूनच गंज सुरू होतो.

पुढची हाऊसिंग चढवताना यू-बोल्ट नवेच घ्या. पाट्याचा सेंटर बोल्ट हाऊसिंगच्या खाचेत नीट बसलाय याची हात लावून खात्री करा. डिफरन्शलचा उंचवटा आणि ट्रान्सफरचा पुढचा आउटपुट एकाच बाजूला आला पाहिजे, एकाच मॉडेलचा सेट घेतला असेल तर तो येतोच. सगळे बोल्ट पक्के करण्याआधी एक परीक्षा घ्या: चारही चाकं हवेत, लिव्हर फोर-हायवर (चारही चाकांना जोर, नेहमीचा वेग), पुढचे हब लॉक (चाकं हाऊसिंगच्या शाफ्टला जोडलेली), आणि हाताने मागचा शाफ्ट फिरवा. पुढची आणि मागची चाकं एकाच दिशेने फिरली पाहिजेत. उलट फिरत असतील तर हाऊसिंग चुकीची आहे, तिथेच थांबा.

जॉइंट शाफ्टचं माप गाडी चाकांवर उभी असतानाच घ्या. हाऊसिंग लोंबकळत असताना घेतलेलं माप चुकतं. ट्रान्सफरने जागा खाल्ल्यामुळे मागचा शाफ्ट आता आखूड लागतो. तुमचा जुना शाफ्ट कापून जोडायचा असेल तर ते नागपूर, अमरावती किंवा अकोल्याला शाफ्टचंच काम करणाऱ्याकडे करून घ्या, आणि बॅलन्सिंग झाल्याशिवाय ताब्यात घेऊ नका. दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुफाटे) एका रेषेत असावेत. सरकत्या जोडाला आत-बाहेर दोन्हीकडे जागा हवी: पाटा पूर्ण दबला तरी तो तळाला टेकू नये, पूर्ण सुटला तरी निसटू नये. पुढच्या शाफ्टखाली लोखंडी पट्टीचा फास लावा, क्रॉस तुटला तर शाफ्ट जमिनीत रुतून गाडी उलटण्याची भीती त्याने कमी होते.

स्टिअरिंग आणि ब्रेक हा जिवाचा प्रश्न आहे, इथे "चालून जाईल" म्हणायचं नाही. ड्रॅग लिंक जितकी आडवी राहील तितकं बरं, ती तिरकी झाली की खड्ड्यात चाक उसळताच स्टिअरिंग आपोआप वळतं. गाडीची उंची वाढली असेल तर ब्रेकचे रबरी पाइप लांब लागतात: चाक पूर्ण लोंबकळू द्या, स्टिअरिंग दोन्ही टोकांना वळवा, पाइप कुठेही ताणला जात नाही ना ते बघा. ब्रेकची हवा काढा. अलाइनमेंटमध्ये टो-इनसोबत (पुढची चाकं किती आत वळली आहेत) कॅस्टरही (चाक ज्यावर वळतं त्या किंगपिनचा मागे झुकलेला कोन) मोजायला सांगा. कॅस्टर कमी झाला असेल तर वळणानंतर स्टिअरिंग स्वतःहून सरळ होत नाही आणि वेगात पुढचं चाक लटपटतं. पाट्याखाली पाचरीच्या आकाराची प्लेट देऊन तो दुरुस्त होतो.

तेलं मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचीच. गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या) असतील आणि मॅन्युअल जीएल-४ म्हणत असेल, तर जीएल-५ महाग आहे म्हणून चांगलं समजून ओतू नका.

शेवटचं छोटं काम, पण आपल्या भागात ते मोठं आहे: दोन्ही हाऊसिंग आणि ट्रान्सफरच्या ब्रीदरला (हवा जाण्या-येण्याच्या छिद्राला) रबरी नळी लावून ती बॉनेटच्या उंचीपर्यंत वर न्या. गरम हाऊसिंग नाल्याच्या थंड पाण्यात उतरली की आतली हवा आकसते आणि उघड्या ब्रीदरमधून पाणी ओढून घेते. कबाड्याकडे दिसलेलं ते दुधाळ तेल असंच तयार झालेलं असतं.

पहिली चाल

पहिल्या दिवशी डांबरी रस्त्यावर फक्त टू-व्हीलमध्ये, रिकामी गाडी, कमी वेगात. कंप जाणवला तर शाफ्ट, सुं-सुं आवाज आला तर पिनियन. परत आल्यावर हब, हाऊसिंग आणि ट्रान्सफरला हात लावून बघा. कोमट चालेल, चटका बसत असेल तर बेअरिंग आवळून बसलंय. मग नांगरलेल्या कोरड्या वावरात फोर-हाय आणि फोर-लो (चारही चाकं, कमी वेग, जास्त जोर) लावून बघा. साधारण पन्नास किलोमीटरला यू-बोल्ट आणि शाफ्टचे बोल्ट पुन्हा आवळा, पाचशेला पुन्हा आवळा आणि तेव्हाच हाऊसिंगचं तेल बदला. नव्याने बसलेल्या गिअरची कणी त्यात उतरलेली असते.

वापरताना

कोरड्या डांबरी किंवा सिमेंटच्या रस्त्यावर फोर-बाय-फोर लावायचं नाही. वळताना पुढच्या चाकांचा घेर मागच्यांपेक्षा मोठा असतो, आणि मध्ये डिफरन्शल नसल्याने तो फरक जिरायला जागा नाही. लिव्हर अडकून बसला तर ओढाताण न करता गाडी थोडी सरळ मागे घ्या, ताण सुटतो आणि लिव्हर निघतो.

चिखलात शिरण्याआधी हब लॉक करून फोर-बाय-फोर लावा. फसल्यावर गुडघाभर गाऱ्यात बसून हब फिरवणं फार जड जातं. दुसऱ्या गिअरात, एकसारख्या रेसवर, मध्ये न थांबता निघा. चाक जागेवर फिरायला लागलं की ताबडतोब पाय काढा, काळ्या मातीत फिरणारं चाक क्षणात हाऊसिंगपर्यंत खड्डा करतं आणि मग चारही चाकं असून नसल्यासारखी. रिकाम्या गाडीच्या टायरची हवा थोडी कमी केल्याने पकड वाढते. पण ती पक्क्या रस्त्याला लागण्याआधी भरून घ्या, सोबत छोटा पंप ठेवा.

रपट्यावरून पाणी वाहत असेल तर फोर-बाय-फोर गाडीनेही थांबायचं. पाणी डाल्याला उचलू लागलं की चाकांवर वजन राहत नाही, आणि वजन नसलेल्या चाकांना कितीही जोर दिला तरी गाडी प्रवाहाबरोबरच जाते. ब्रेकही फोर-बाय-फोरमुळे वाढत नाहीत: ओल्या उतारावर ही गाडी तुमच्या जुन्या गाडीइतकीच घसरेल, वजन वाढल्यामुळे किंचित जास्तच.

दिवाळीच्या आसपास पाऊस पूर्ण थांबला की एक दिवस गाडी उभी करा. दोन्ही हाऊसिंग आणि ट्रान्सफरचं तेल बोटावर घेऊन रंग बघा, दुधाळ असेल तर लगेच बदला. सगळ्या क्रॉसना ग्रीस मारा, जुनं चिखल मिसळलेलं ग्रीस चारही बाजूंनी बाहेर येईपर्यंत. पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा, ढिलाई असेल तर किंगपिन किंवा व्हील बेअरिंग बघा. हब उघडून आतली माती काढा. आणि मग उन्हाळाभर, चिखल नसतानाही, पंधरा-वीस दिवसांतून एकदा कच्च्या रस्त्यावर फोर-बाय-फोर लावून किलोमीटरभर चालवत जा, म्हणजे लिंकेज गंजत नाहीत आणि पुढच्या हाऊसिंगमधल्या सीलला तेल लागत राहतं.